ओरत्तनाडूचा रथ

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टईच्या वाटेने निघाले म्हणजे वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वराच्या यात्रेला जाणारी ही जुनी वाट. या वाटेने शतकानुशतके काशीचे गंगाजल घेऊन यात्रेकरू दक्षिणेकडे गेले आणि सेतूची वाळू घेऊन उत्तरेकडे परतले. गावात एक जुनी, प्रशस्त वास्तू आहे. तिला रथाचे रूप दिलेले असून तो ओढणारे घोडे आणि हत्ती तिच्या अंगावर कोरलेले आहेत. हा रथ दोन शतकांहून अधिक काळ एकाच जागी उभा आहे. तरीही तो पाहणाऱ्याला असे वाटावे की सारथ्याने आत्ताच लगाम खेचला असून, वाटसरूंची पंगत उठली की चाके पुन्हा फिरू लागतील. तमिळ देशाला हा आकार नवा नव्हता. कुंभकोणमजवळ दारासुरम येथे बाराव्या शतकात चोळ राजांनी बांधलेल्या ऐरावतेश्वराच्या देवळातही असाच रथमंडप आहे. परंतु ओरत्तनाडूच्या रथात देव बसलेला नाही. तेथे बसत होता भुकेला पांथस्थ, आणि त्याच्या शेजारी पाटी घेऊन बसत होता विद्यार्थी.

या वास्तूचे नाव मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ मध्ये ते उभारले. मुक्तांबा ही सरफोजीराजांची अत्यंत प्रिय स्त्री. परंतु विधियुक्त विवाहाने आलेली राणी नव्हे. तंजावरच्या राज्यातील बरीच छत्रे राण्यांच्या व राजमातांच्या नावांनी ओळखली जातात. मुक्तांबेला तो मान परंपरेने मिळण्याजोगा नव्हता. मृत्युसमयी तिने आपल्या नावाने एक छत्र व्हावे अशी इच्छा व्यक्त केली आणि राजांनी ती पुरी केली, अशी कथा आहे. गावाच्या त्या भागाला मुक्तांबापुरम हे नाव मिळाले. प्रियजनांच्या स्मरणार्थ राजे लोक समाध्या बांधतात, देवळे बांधतात. या राजाने अन्नछत्र बांधले आणि त्याला विद्येची जोड दिली. या निवडीत सरफोजीराजांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र आहे. ते सूत्र नीट समजून घ्यावयाचे तर त्यांच्या गादीची कहाणी आधी पाहिली पाहिजे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना औरस वारस उरला नव्हता, म्हणून १७८७ मध्ये त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतील या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी देह ठेवला. गादीवर तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह बसले. दत्तक मुलाच्या वाट्याला बंदिवासासारखे दिवस आले. जर्मनीहून आलेले वृद्ध धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी त्याची बाजू घेतली. १७९३ मध्ये त्याला सुरक्षिततेसाठी मद्रासला नेण्यात आले आणि तेथे त्याचे शिक्षण झाले. अखेर १७९८ मध्ये कंपनी सरकारने अमरसिंहांना दूर करून सरफोजींना गादीवर बसविले. पण ज्या हातांनी गादी दिली त्याच हातांनी राज्य काढून घेतले. १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला राहिला, वाडा राहिला, वर्षाला एक लाख होनांचे वेतन राहिले आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. बावीस वर्षांचा राजा. आणि राज्य नाही!

अशा राजापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. एक मार्ग विलासाचा. तनख्यावर जगणाऱ्या अनेक संस्थानिकांनी पुढे तो चोखाळला. दुसरा मार्ग कुढण्याचा. सरफोजीराजांनी तिसरा मार्ग शोधला. भूमीवरची सत्ता गेली तरी विद्येवरची आणि अन्नदानावरची सत्ता आपल्या हाती ठेवता येईल, असा तो मार्ग होता. आणि त्यासाठी त्यांनी जी लढाई केली ती तलवारीने केली नाही, एका पत्राने केली.

१८०१ च्या आरंभी त्यांनी तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट टोरिन यांना छत्रांविषयी एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांना लावून दिलेल्या गावांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, हा त्या पत्राचा हेतू. छत्रांत काय चालते याचे त्यात जे वर्णन आहे ते आजही मन थक्क करते. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना अन्न मिळे. बैरागी, जंगम, जोगी, कोणीही विन्मुख जात नसे. शिजविलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना शिधा मिळे. तान्ह्या मुलांना दूध मिळे. आजारी पांथस्थाला बरे होईपर्यंत ठेवून घेत आणि वैद्य त्याला औषध देई. प्रवासात कोणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत. गरोदर स्त्री वाटेत अडली तर तिचे बाळंतपण होई. आईबाप मरून मागे उरलेली पोरे छत्रातील शिक्षकाच्या हवाली केली जात आणि त्यांना शिकवून मार्गाला लावले जाई. वेद शिकविणारे आचार्य, शाळामास्तर, विषबाधेवर उतारा देणारे वैद्य, असा सारा परिवार छत्राशी बांधलेला असे. आणि मध्यरात्रीपर्यंत अन्नदान चालल्यावर घंटा वाजवीत, व अजून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, असे मोठ्याने पुकारीत.

मध्यरात्रीच्या या घंटेत तंजावरच्या राजसत्तेचा खरा अर्थ होता. फौज गेली, वसुली गेली, न्यायनिवाडा गेला; पण राज्यात उपाशी कोण झोपले आहे हे विचारण्याचा अधिकार राजाला सोडावयाचा नव्हता. पत्रानंतर वर्षभरात ओरत्तनाडूचे छत्र उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. ते जितके एका प्रिय स्त्रीचे स्मारक आहे, तितकेच ते एका हिरावलेल्या राजधर्माचे उत्तर आहे.

या छत्रात पंगतीबरोबर शाळाही वाढली. मुक्तांबापुरमच्या शाळेत केवळ वेदाध्ययन नव्हते. राजांनी तिथे जो अभ्यासक्रम आणला त्याला ते ‘नवविद्या’ म्हणत. इंग्रजी, फारसी, मराठी, तमिळ, तेलुगु आणि संस्कृत अशा भाषा एका छपराखाली शिकविल्या जात. नवविद्या हा शब्दच मोठा बोलका आहे. ‘परकी विद्या’ असे राजांनी म्हटले नाही, ‘इंग्रजी विद्या’ असेही म्हटले नाही. नवी विद्या आली आहे, ती आपल्याच विद्यांच्या मालिकेत एक होऊन बसेल, असा विश्वास त्या शब्दात आहे. १८०५ मध्ये तंजावरच्या वाड्यात मुद्रणालय निघाले, त्यालाही त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ असेच नाव दिले. दरबारचे कागद मोडीत लिहिले जात असताना या छापखान्यासाठी देवनागरी, म्हणजे बाळबोध, अक्षरे घडविण्यात आली. १८०६ मध्ये तेथून ‘बाळबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. इसापाच्या नीतिकथांचे ते मराठी भाषांतर सख्खण पंडितांनी केले होते. देवनागरीत छापलेल्या आद्य मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. पुण्यात अजून पेशवाई नांदत होती, मुंबईत मराठी शाळापुस्तकांची कल्पनाही रुजावयाची होती, आणि कावेरीच्या काठी मराठी मुले छापील पुस्तकातून कोल्ह्याची आणि कावळ्याची गोष्ट वाचू शकत होती!

येथवरची हकीकत एका विद्याप्रेमी राजाची झाली. परंतु सरफोजीराजांचे वेगळेपण अजून पुढेच आहे. नवी यंत्रे आणि नवे ज्ञान विकत घेणारे राजे हिंदुस्थानात आणखीही होते. लखनऊच्या नबाबांनी युरोपातील घड्याळे आणि आरसे कितीतरी जमविले. नवी वस्तू आणून जुन्या दालनात मांडणे सोपे असते. कठीण असते ते नव्या वस्तूला आपल्या घरच्या चालीरीतीत बसविणे आणि त्याच वेळी आपली चालरीत तिच्यासाठी थोडी मोकळी करणे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करावयाच्या, हा सरफोजीराजांपुढचा प्रश्न होता.

त्यांच्या हस्तिदंती सांगाड्याची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. राजांना शरीरशास्त्र शिकावयाचे होते. परंतु मृताच्या अस्थींना शिवणे त्यांच्या आचाराला मान्य नव्हते. यावर त्यांनी इंग्लंडहून संपूर्ण मानवी सांगाडा हस्तिदंतात कोरवून मागविला. आचारही राहिला आणि शास्त्रही आले. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा त्यांच्यासमवेत आलेल्या मंडळींनी राजांच्या ग्रंथालयात हा सांगाडा, वायुनिष्कासक यंत्र, वीज उत्पन्न करणारे यंत्र आणि खगोलाची उपकरणे पाहिली. लाव्हाझिये आणि लिनिअस यांची वचने सहज सांगणारा, शेक्सपिअरच्या काव्यावर मार्मिक बोलणारा हा हिंदू राजा पाहून हेबर चकित झाले.

धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत, तेव्हा दरबारी चित्रकार रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढीत. प्रत्येक रुग्णाची हकीकत आणि शेजारी त्याच्या डोळ्याचे चित्र, अशी ती टिपणे सरस्वती महालात आजही जपलेली आहेत. तंजावरच्या चित्रशैलीची ख्याती आहे ती सोन्याच्या वर्खाची, खड्यांची, बाळकृष्णाच्या गुबगुबीत गालांची. त्या शैलीच्या गावात मोतीबिंदूने झाकोळलेला एखाद्या गरीब माणसाचा डोळाही चित्राचा विषय व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे. देवाच्या मूर्तीसाठी कमावलेली कारागिराची नजर येथे रुग्णाच्या सेवेला लागली.

तथापि नव्या ज्ञानाचा आणि जुन्या कलेचा सर्वांत सुंदर संगम झाला तो रंगभूमीवर. तमिळ देशात ‘कुरवंजी’ नावाचा एक नृत्यनाट्याचा प्रकार आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. नायकाची, म्हणजे देवाची किंवा राजाची, मिरवणूक निघते. चेंडू खेळत असलेली नायिका त्याला पाहते आणि प्रेमात पडते. तिला विरह जाळू लागतो, सख्यांचे उपचार व्यर्थ होतात. मग येते कुरवंजी. ही डोंगरात राहणाऱ्या कुरवर जमातीची बाई. कमरेला टोपली, हातात काठी आणि तोंडात देशोदेशींच्या गोष्टी. ती आपल्या डोंगराची महती गाते, पाहिलेल्या गावांची वर्णने करते, नायिकेचा हात हाती घेते आणि तुझा प्रियकर तुला मिळेल असे भविष्य सांगते. शेवटी तिचा पारधी नवरा तिला शोधीत येतो आणि हास्यविनोदात नाट्य संपते. राजमहालातील सुकुमार कन्येला तिच्या भाग्याचे ज्ञान मिळते ते रानावनात हिंडणाऱ्या एका भटक्या बाईकडून. या उलटापालटीतच कुरवंजीची गोडी आहे.

सरफोजीराजांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक याच साच्यातले आहे. त्याचा नायक देवांचा राजा. पण या नाटकातील कुरवंजी आपल्या डोंगरावर थांबत नाही. ती सांगते साऱ्या पृथ्वीचा भूगोल! युरोपीय नकाशांतून आणि ग्रंथांतून आलेली खंडे आणि देश तिच्या गाण्यात येतात. पुराणांतील सप्तद्वीपे आणि क्षीरसागर ऐकत आलेल्या मराठी प्रेक्षकाला नव्या पृथ्वीची ओळख अशी ताल-सुरांत होते. राजांचे सहाध्यायी, श्वार्ट्झ यांचेच दुसरे शिष्य, ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री यांनीही १८०० च्या सुमारास तमिळमध्ये बेथलेहेमची कुरवंजी रचली आणि तिच्यात सूर्याभोवती ग्रह फिरतात हे कोपर्निकसाचे मत गुंफले. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने हिंदू राहून मराठीत आणि दुसऱ्याने ख्रिस्ती राहून तमिळमध्ये, नव्या शास्त्राला वाट करून देण्यासाठी एकच लोकप्रिय साचा निवडावा, हा योगायोग नव्हे.

या निवडीतील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. भूगोल सांगावयाचा तर पंडिताच्या तोंडी घालता आला असता. मग त्याला पुराणांशी वाद घालावा लागला असता, आणि सभेत दोन तट पडले असते. कुरवंजीला वाद घालावा लागत नाही. ती भटकी आहे, तिने देश पाहिलेले आहेत, तिचे ऐकण्याची लोकांना सवय आहे. शिवाय ती प्रवचन करीत नाही. समोरची हात पुढे करते तेव्हा ती बोलते. प्रश्न आला की उत्तर येते, उत्तरातून नवा प्रश्न निघतो. ज्ञान येथे वरून ओतले जात नाही. पाहणाऱ्याच्या उत्कंठेतून ते बाहेर खेचले जाते. नव्या विद्येला जुन्या घरात शिरावयाचे होते, आणि राजांनी तिच्यासाठी असे दार शोधले की जे आधीपासूनच उघडे होते.

नृत्य-संगीतातही हाच क्रम दिसतो. राजांच्या मराठी नृत्यरचनांचा संग्रह ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने सरस्वती महालाने पुढे प्रसिद्ध केला. त्यांतील ‘निरूपणे’ ही एकाच कथासूत्रात अनेक नृत्यप्रकार क्रमाने ओवणारी रचना आहे. सरफोजीराजांच्या आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजांच्या काळी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी नृत्याला जी शिस्त लावली तिच्यावर आजचे भरतनाट्यम उभे आहे. त्याच दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा वाजत असे आणि युरोपीय संगीताच्या स्वरलिपींचा संग्रह होता. वडिवेलु यांनी व्हायोलिन आपलेसे केले. आज दक्षिणेत कर्नाटक संगीताची मैफल व्हायोलिनवाचून होत नाही आणि ते वाद्य परके आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. युरोपीय वादक ते हनुवटीखाली धरून उभा राहतो. दक्षिणेचा वादक मांडी घालून बसतो आणि त्याचे टोक पावलावर टेकवितो. वाद्य तेच, पण त्याला भारतीय बैठक मिळाली. बैठक मिळाली आणि गमक आले.

याच काळी पूर्वेला दूर जपानातही असेच काही घडत होते. बाहेरच्या जगाला दारे बंद केलेल्या त्या देशात नागासाकीच्या बंदरातून डच ग्रंथ येत. १७७४ मध्ये, म्हणजे सरफोजींच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, सुगिता गेन्पाकु आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शरीरशास्त्राच्या एका डच ग्रंथाचे ‘काइताइ शिन्शो’ या नावाने जपानी भाषांतर प्रसिद्ध केले. आणि त्याची चित्रे काढली ती ओदानो नाओताके या जपानी शैलीत वाढलेल्या चित्रकाराने. १८०३ मध्ये एदो शहरात, आजच्या तोक्योत, कामेया तोराकु याने परदेशी जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. युरोपातील दिवा धातूचा, जड, एका जागी ठेवण्याचा. जपानी कारागिरांनी तो हलक्या लाकडाचा केला. कागदी पडद्यामागे अनेक कलावंत एकेक दिवा हाती धरून फिरू लागले, चित्रे चालू-बोलू लागली, साथीला कथन आणि वाद्ये आली. त्या प्रकाराला उत्सुशि-ए म्हणतात. यंत्र परके होते, पण त्याची चाल जपानी बाहुल्यांच्या आणि कथेकऱ्यांच्या परंपरेतून आली. ओरत्तनाडूचे छत्र आणि एदोतील हा दिवा यांच्यात अवघ्या एका वर्षाचे अंतर आहे.

जपानात ती परंपरा खंडित झाली नाही. २००१ मध्ये इनोको तोशियुकी आणि त्यांच्या मित्रांनी तोक्योत ‘टीमलॅब’ नावाचा कलावंत, अभियंते आणि गणिती यांचा समूह स्थापन केला. २०१८ पासून तोक्योतील त्यांची दालने पाहावयास जगभरचे लोक जात आहेत. तेथे भिंतीवर, जमिनीवर, पाण्यावर संगणकाने निर्माण केलेली प्रकाशचित्रे सतत बदलत असतात. प्रेक्षक थांबला तर त्याच्या पायाशी फुले उमलतात. तो चालू लागला, त्याने फुलांना हात लावला, तर पाकळ्या गळून पडतात. या कलावंतांचे म्हणणे असे की युरोपीय चित्रकलेने पाहणाऱ्याला एका बिंदूवर खिळवून ठेवले. जुन्या जपानी चित्रात तसा एकच बिंदू नसतो, पाहणारा चित्राच्या आत कोठेही फिरू शकतो. ती जुनी दृष्टी त्यांनी संगणकाच्या साह्याने पुन्हा जागी केली. फुलांचे उमलणे व गळणे, ऋतूंचे येणे-जाणे आणि क्षणभंगुरतेचे सौंदर्य हे जपानी रसिकतेचे जुने विषय. यंत्र मात्र एकविसाव्या शतकाचे.

तंजावरची कुरवंजी आणि तोक्योची ही प्रकाशाची फुले यांत काळाचे आणि साधनांचे मोठे अंतर आहे. पण मूळ विचार एका जातीचा आहे. पाहणारा पुढे आल्याशिवाय, त्याने हात पुढे केल्याशिवाय, कला बोलत नाही. आणि नवे साधन आपल्या रसिकतेच्या जुन्या वाटेने चालविले तरच ते घरचे होते.

मग जपानात जे दोन शतके वाढत गेले ते तंजावरात का थांबले? या प्रश्नाला बगल देऊन सरफोजीराजांची केवळ स्तुती करणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिले कारण उघड आहे. राजांकडे सत्ता नव्हती. त्यांची नवविद्या तनख्यावर चालत होती आणि तनखा परक्याच्या मर्जीवर. १८१४ मध्ये त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर मनोरा नावाची उंच, अनेकमजली वास्तू उभारली ती नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचा स्तंभ उभारण्याची पाळी राजावर यावी, यात त्या काळची सारी अगतिकता आली. दुसरे कारण असे की वाड्यात शिरलेली विद्या कारखान्यात शिरली नाही. यंत्रे पाहिली गेली, वापरली गेली. पण ती घडविणारा, सुधारणारा कारागीरवर्ग उभा राहिला नाही. एदोच्या कारागिराने दिवा लाकडाचा करून पाहिला, तसे येथे क्वचितच घडले. १८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून वारले आणि गादीच खालसा झाली. छत्रांचा कारभार पुढे सरकारी आणि स्थानिक मंडळांच्या हाती गेला.

तिसरे कारण मराठी माणसाला अधिक लागणारे आहे. तंजावरचा हा प्रयोग मराठीत झाला, पण महाराष्ट्राला तो ठाऊक नव्हता. शहाजीराजांच्या काळी, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात, तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती. तरी सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा खेळ केला तेव्हा त्यांना नवा आरंभच करावा लागला. ‘बाळबोध मुक्तावली’ पुण्याच्या मुलांच्या हाती पडली नाही. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगविलेल्या रामकथेच्या चित्रांचा जादूच्या दिव्याचा खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने सुरू केला. परक्या यंत्राला त्यांनी कीर्तनासारखे कथन आणि संगीत दिले. हेच सूत्र नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी राजाने कावेरीकाठी हाताळले होते, हे त्यांच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना माहीत असेल? एका घरात दोन भाऊ राहतात आणि एकमेकांची विहीर ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जण आपली स्वतंत्र विहीर खणतो, तसे हे झाले.

परंतु अपयशाचा हा हिशेब मांडला तरी शिल्लक काही उरतेच, आणि ती थोडी नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही उभा आहे. १९१८ पासून सरस्वती महालाची दारे सर्वांना उघडी झाली आणि राजांनी जमविलेले ग्रंथ विद्वानांच्या हाती आले. देवळात राजांच्या स्तुतीची तमिळ कुरवंजी नर्तकी पुढेही दीर्घकाळ दरसाल करीत असत. राजा मराठी, कवी तमिळ, आणि देव दोघांचा. व्हायोलिन मैफलीत बसले ते उठलेच नाही. आणि ओरत्तनाडूच्या छत्रातील वेदपाठ थांबला, पंगती उठल्या, तरी त्या वास्तूचा उपयोग पुढेही शाळेसाठी आणि विद्यार्थ्यांच्या निवासासाठी होत राहिला. मुक्तांबेच्या नावाने लावलेला दिवा अगदीच विझला नाही.

ओरत्तनाडूच्या त्या रथाकडे पाहताना एक गोष्ट मनात येते. रथ हा आकार गतीचा आहे आणि छत्र ही वास्तू विसाव्याची. चालणाऱ्याने थोडे थांबावे, पोटभर जेवावे, नवे काही शिकावे आणि पुन्हा वाटेला लागावे, असा तिचा संदेश. नवे शास्त्र आणि जुनी कला यांचे नातेही असेच पांथस्थाचे आणि छत्राचे आहे. बाहेरून आलेले ज्ञान हा वाटसरू. त्याची जात, त्याचा देश विचारावा तो त्याला हाकलण्यासाठी नव्हे. त्याला काय चालते, शिजविलेले अन्न की शिधा, हे कळावे म्हणून. यजमानाचे घर खंबीर असले तर पाहुण्याने ते मोडत नाही. आणि पाहुण्याला ओसरीवरच ताटकळत ठेवले तर यजमानाच्या घरात नवी गोष्ट येत नाही.

राज्य हरवलेल्या एका राजाने हे ओळखले होते. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, खजिना मोजका होता, आणि आयुष्याची पहिली वर्षे त्याने दुसऱ्यांच्या आश्रयाला काढली होती. कदाचित म्हणूनच पाहुणा होणे म्हणजे काय आणि यजमान होणे म्हणजे काय, हे दोन्ही त्याला कळले. मध्यरात्र उलटून गेल्यावर, चुली विझण्याच्या बेतात असताना, छत्राच्या दारात घंटा वाजे आणि अंधारात हाक उठे: अजून कोणी जेवावयाचे राहिले आहे काय? ती हाक अन्नासाठी होती. पण ज्याने ती दिली त्याने ती विद्येसाठीही दिली.